सी भाषेतील स्ट्रिंग फॉरमॅटिंग लिनक्सबाहेर नेताना

विजेच्या मीटरांचे रीडिंग गोळा करून त्यांच्या नोंदी ठेवणारी, सी भाषेत लिहिलेली एक लायब्ररी आमच्या गटाकडे देखभालीसाठी होती. ती लिनक्सवर लिहिली गेली आणि तिथेच वाढली. पुढे ती विंडोज, मॅकओएस, फ्रीबीएसडी आणि एका ग्राहकाकडच्या जुन्या सोलॅरिस यंत्रावरही चालली पाहिजे अशी मागणी आली. काम वाटून घेताना सॉकेट आणि थ्रेड इतरांनी घेतले, मजकूर तयार करणारा भाग माझ्याकडे आला. सॉकेटचे काम अवघड आणि मजकुराचे सोपे, असा सर्वांचाच समज होता. पण सॉकेटच्या बाबतीत निदान फंक्शनांची नावे वेगळी असतात, त्यामुळे कंपाइलर लगेच अडवतो. एसप्रिंटएफच्या कुळातील, म्हणजे ठरवलेल्या साच्यात मूल्ये बसवून मजकूर (स्ट्रिंग) तयार करणारी, फंक्शने जवळपास सगळीकडे त्याच नावाने मिळतात, कंपाइल होतात, लिंक होतात आणि चालतातही. फरक असतो तो त्यांनी दिलेल्या हमीत, आणि बफर, म्हणजे मजकुरासाठी राखून ठेवलेली मेमरीतील जागा, काठोकाठ भरण्याची वेळ येईपर्यंत तो दिसत नाही.

म्हणून कोडला हात लावण्यापूर्वी कोणत्या प्रणालीवर कोणती हमी मिळते हे लिहून काढायचे मी ठरवले. त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागला. १९८९ च्या सी मानकात एसप्रिंटएफ होते, पण एसएनप्रिंटएफ नव्हते. एसप्रिंटएफला बफर केवढा आहे हे सांगण्याची सोयच नाही. ते मजकूर संपेपर्यंत लिहीत जाते. आकार सांगता येईल असे एसएनप्रिंटएफ बीएसडी कुळातून पसरले आणि १९९९ च्या मानकात, म्हणजे सी९९ मध्ये, अधिकृत झाले. मधल्या काळात प्रत्येक प्रणालीने त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला होता. लिनक्सवरची ग्नू सी लायब्ररी २.०.६ या आवृत्तीपर्यंत मजकूर मावला नाही तर उणे एक परत करीत असे, २.१ पासून ती मानकाप्रमाणे ‘जागा असती तर किती अक्षरे लिहिली असती’ हा आकडा परत करू लागली. १९९७ च्या सिंगल युनिक्स स्पेसिफिकेशनमध्ये बफरचा आकार शून्य दिल्यास एकपेक्षा लहान अशी कोणतीही किंमत परत करण्याची मुभा होती. म्हणजे आकार शून्य देऊन आधी लांबी विचारायची आणि मग तेवढी मेमरी घ्यायची, ही आज सर्वांच्या अंगवळणी पडलेली पद्धत त्या नियमाने चालणाऱ्या प्रणालीवर चालत नव्हती.

विंडोजवर नावापुढे अधोरेखा असलेले _एसएनप्रिंटएफ होते. त्याची वागणूक समजून घेण्यासाठी मी आमच्याच केंद्रांची नावे घेतली, कारण रोमन लिपीत सोलापूर सात अक्षरांचे, कोल्हापूर आठ अक्षरांचे आणि रत्नागिरी नऊ अक्षरांचे होते. आठ बाइटचा बफर घेऊन तिन्ही नावे त्यात लिहून पाहिली. मानकाप्रमाणे वागणारे एसएनप्रिंटएफ सोलापूरसाठी सात परत करते आणि शेवटच्या जागी, स्ट्रिंग संपल्याची खूण म्हणून, शून्य बाइट ठेवते. कोल्हापूरसाठी आठ आणि रत्नागिरीसाठी नऊ परत करते, पण दोन्ही वेळा पहिली सात अक्षरे लिहून आठव्या जागी शून्य बाइट ठेवतेच. _एसएनप्रिंटएफ सोलापूरच्या बाबतीत अगदी तसेच वागले. कोल्हापूरला त्याने आठही जागा अक्षरांनी भरल्या, आठ हा आकडा परत केला आणि शून्य बाइट लिहिलाच नाही. रत्नागिरीला त्याने पहिली आठ अक्षरे लिहिली, उणे एक परत केले आणि याही वेळी शून्य बाइट लिहिला नाही. शून्य बाइट नसलेली अशी स्ट्रिंग पुढे कोणी %एस या स्ट्रिंग छापण्याच्या चिन्हाने छापली, तर बफरच्या पलीकडच्या मेमरीत जे असेल ते सगळे नोंदीत येते. या तिन्हींत कोल्हापूर सर्वांत घातक ठरते. उणे एक आले की निदान तपासणारा सावध होतो. आठ हा आकडा मात्र यशाचाच वाटतो.

हे वागणे मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेले आहे आणि ते मानकाच्या आधीचे आहे, हे इथे नमूद केले पाहिजे. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ सोबत आलेल्या नव्या रनटाइमपासून, म्हणजे तयार फंक्शने पुरवणाऱ्या लायब्ररीपासून, एसएनप्रिंटएफ आणि व्हीएसएनप्रिंटएफ सी९९ प्रमाणे वागतात. अधोरेखेची जुनी नावे जुन्याच अर्थाने ठेवलेली आहेत. खरी अडचण होती ती आमच्या कोडमध्ये सामील केलेल्या बाहेरच्या दोन-तीन छोट्या लायब्रऱ्यांची. त्यांच्या हेडर फाइलमध्ये विंडोजसाठी एका ओळीचा मॅक्रो होता, जो एसएनप्रिंटएफ या नावाच्या जागी _एसएनप्रिंटएफ घालत होता. हा उपाय फार प्रचलित होता. त्याने कंपाइलरचे समाधान होते, पण हमी बदलल्याचे वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ च्या स्टँडर्ड हेडरमध्ये असा मॅक्रो आढळला की कंपाइल थांबवणारी एक ओळ मुद्दाम घातलेली आहे, आणि ती घालणाऱ्यांचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण तिच्यामुळे आमच्या कोडमधला हा मॅक्रो आपोआप उघडा पडला.

यानंतर आमचे स्वतःचे एक फंक्शन असावे आणि सगळ्या लायब्ररीने केवळ तेच वापरावे असे ठरले. त्याची हमी आधी शब्दांत लिहिली: बफरचा आकार शून्याहून मोठा असेल तर शून्य बाइट नेहमी लिहिला जाईल, आकार शून्य असेल तर बफरचा पॉइंटर नल असला तरी चालेल, परत येणारा आकडा नेहमी पूर्ण मजकुराची लांबी असेल, उणे किंमत केवळ खऱ्या त्रुटीसाठी राखून ठेवलेली असेल. नवीन प्रणालींवर हे फंक्शन थेट व्हीएसएनप्रिंटएफला बोलावते. जुन्या विंडोज रनटाइमवर ते आधी _व्हीएससीप्रिंटएफने लांबी मोजते, मग _व्हीएसएनप्रिंटएफला एक बाइट कमी आकार देऊन लिहायला लावते आणि शेवटचा शून्य बाइट स्वतः ठेवते.

बिल्डच्या वेळी कोणता मार्ग घ्यायचा हे ठरवण्यासाठी नुसते ‘एसएनप्रिंटएफ नावाचे फंक्शन आहे का’ असे विचारणे निरुपयोगी होते. म्हणून कॉन्फिगर करताना सोलापूर-कोल्हापूर-रत्नागिरी हाच छोटा प्रोग्राम चालवून प्रत्यक्ष वागणूक तपासायला लावली. लिनक्सवर बसून विंडोजसाठी कंपाइल करताना हा प्रोग्राम चालवताच येत नाही. तिथे आम्ही सर्वांत वाईट वागणूक गृहीत धरली. त्याने थोडा वेग जातो, पण हमी टिकते.

लांबी मोजण्यासाठी एकदा आणि लिहिण्यासाठी पुन्हा, अशी त्याच आर्ग्युमेंटांवरून दोनदा फेरी मारावी लागते, आणि इथे फंक्शनला दिलेल्या बदलत्या संख्येच्या आर्ग्युमेंटांची यादी धरणाऱ्या व्हीए_लिस्ट या प्रकाराचा स्वभाव समजून घेणे भाग पडते. ३२ बिटच्या इंटेल यंत्रावर व्हीए_लिस्ट म्हणजे स्टॅकमधील जागेकडे बोट दाखवणारा साधा पॉइंटर असतो. तो फंक्शनला दिला की त्याची प्रत जाते, आणि फंक्शनने ती प्रत कितीही पुढे सरकवली तरी आपल्याकडचा मूळ पॉइंटर जागेवरच राहतो. त्यामुळे तीच व्हीए_लिस्ट दोनदा वापरली तरी तिथे उत्तर बरोबर येते. ६४ बिट विंडोजवरही ती पॉइंटरच आहे. ६४ बिट इंटेल यंत्रांवरील लिनक्सवर आणि मॅकओएसवर मात्र पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंटे आणि पहिली आठ अपूर्णांक आर्ग्युमेंटे रजिस्टरांतून येतात. म्हणून त्या यंत्रांवर व्हीए_लिस्ट ही एका घटकाची ॲरे असते आणि त्या घटकात किती रजिस्टरे वाचून झाली याची नोंद असते. सी मध्ये ॲरे फंक्शनला देताना प्रत जात नाही, पत्ता जातो. पहिल्या फेरीत ही नोंद पुढे सरकते आणि दुसरी फेरी जिथे पहिली संपली तिथून सुरू होते. फॉरमॅटमध्ये केंद्राचे नाव आणि रीडिंग अशी दोन मूल्ये असतील, तर दुसऱ्या फेरीत नावाच्या जागी रजिस्टरांत उरलेली कोणतीतरी जुनी किंमत पत्ता म्हणून वाचली जाते. लांबी बरोबर मोजली जाते आणि लिहिताना प्रोग्राम कोसळतो, असे विचित्र लक्षण दिसते.

यावर सी९९ चे व्हीए_कॉपी हेच उत्तर आहे: प्रत्येक फेरीआधी प्रत काढायची आणि वापरून झाल्यावर व्हीए_एंडने ती बंद करायची. व्हिज्युअल स्टुडिओ २०१३ च्या आधी तिथे व्हीए_कॉपी नव्हते, पण तिथे व्हीए_लिस्ट पॉइंटर असल्याने साध्या असाइनमेंटने काम भागते. एवढ्यासाठी हेडरमध्ये चार ओळी लागल्या.

हमी बदलल्याचा परिणाम केवळ एका कॉलपुरता राहत नाही. आमच्या कोडमध्ये बऱ्याच ठिकाणी मजकूर तुकड्यातुकड्याने जोडला जात होता: बफरमधील सध्याची जागा एका चलात ठेवायची, उरलेली जागा एसएनप्रिंटएफला द्यायची आणि परत आलेला आकडा त्या चलात मिळवायचा. जुन्या रनटाइमवर उणे एक आले की जागा एकने मागे सरकते. मानकाप्रमाणे वागणाऱ्या प्रणालीवर तर याहून वाईट होते: परत आलेला आकडा ‘लागली असती तेवढी’ लांबी असल्यामुळे जागेचे चल बफरच्या पलीकडे जाते, मग एकूण आकारातून ते वजा केले की उत्तर उणे येण्याऐवजी, साइझ_टी हा प्रकार बिनचिन्ही असल्यामुळे, प्रचंड मोठा आकडा येतो आणि पुढचा कॉल बफर जवळजवळ अमर्याद आहे असे समजून लिहू लागतो. सुरक्षित म्हणून निवडलेले फंक्शन अशा रीतीने असुरक्षित होते, आणि तेही मानकाचे पूर्ण पालन करून. लिनक्स कर्नलमध्ये याच कारणासाठी एससीएनप्रिंटएफ नावाचे वेगळे फंक्शन आहे. ते प्रत्यक्ष लिहिलेल्या अक्षरांचीच संख्या परत करते. आम्ही बफर, त्याचा आकार, सध्याची जागा आणि ‘मजकूर कापला गेला’ हे सांगणारा ध्वज अशा चार गोष्टी एका स्ट्रक्चरमध्ये ठेवल्या आणि जोडण्याचे काम फक्त त्यावर चालणाऱ्या एका फंक्शनकडे दिले. बेरीज-वजाबाकी आता एकाच ठिकाणी होते.

पुढचा भाग पूर्णांकांच्या आकाराचा. ६४ बिट लिनक्स आणि मॅकओएसवर लाँग हा प्रकार ६४ बिटांचा असतो, ६४ बिट विंडोजवर तो ३२ बिटांचाच राहतो. आमच्या जुन्या कोडमध्ये मीटरचे एकत्रित रीडिंग %एलडी या लाँग छापण्याच्या चिन्हाने छापले जात होते, म्हणून ते सगळीकडे लाँग लाँग आणि %एलएलडी असे बदलले. तरीही विंडोज एक्सपीवरच्या ३२ बिट बिल्डमध्ये एक लक्षण दिसले, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. फॉरमॅट होता आधी %एलएलडी आणि मग %एस, म्हणजे आकडा आणि त्याचे एकक. छापले गेले १५०० आणि त्यापुढे एककाच्या जागी कंसात ‘नल’. आकडा अगदी बरोबर, एकक गायब. त्या काळच्या एमएसव्हीसीआरटी या रनटाइमला दोन एल माहीत नव्हते; ते %एलएलडी ला %एलडी समजत असे आणि स्टॅकवरून आठऐवजी चारच बाइट उचलत असे. १५०० हा आकडा खालच्या चार बाइटांत मावतो, म्हणून तो बरोबर दिसला. वरचे चार बाइट शून्य होते, आणि पुढच्या %एस ने तेच पत्ता म्हणून घेतले. शून्य पत्ता म्हणजे नल, म्हणून तसे छापले गेले. हेच रीडिंग उणे असते, जसे सौरऊर्जा परत ग्रीडमध्ये देणाऱ्या मीटरचे असू शकते, तर वरचे चार बाइट सर्व एकांनी भरलेले असते आणि तो पत्ता वाचताना प्रोग्राम कोसळला असता.

त्या रनटाइमसाठी योग्य चिन्ह %आय६४डी हे होते. सी९९ च्या इंटटाइप्स हेडरमधले पीआरआयडी६४ सारखे मॅक्रो हे अंतर भरून काढण्यासाठीच आहेत: ६४ बिट लिनक्सवर ते एलडी होते, मॅकओएसवर एलएलडी, जुन्या विंडोजवर आय६४डी. ते वापरावेत की आपल्या फंक्शनने एकच चिन्ह सर्वत्र स्वीकारावे, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. माझा कौल दुसऱ्या पर्यायाला होता. फॉरमॅट स्ट्रिंगच्या मधोमध मॅक्रो आला की ओळ वाचणे कठीण होते आणि अनुवादासाठी स्ट्रिंग वेगळी काढतानाही अडथळा येतो. शेवटी ६४ बिटांची प्रत्येक किंमत लाँग लाँगमध्ये कास्ट करायची आणि %एलएलडी लिहायचे असे ठरले. जुन्या रनटाइमवर आमचे फंक्शन फॉरमॅट स्ट्रिंगची प्रत काढून त्यातील चिन्ह बदलून देते. साइझ_टी साठी %झेडयू आणि जुने %आययू यांचेही तसेच केले.

इथे कंपाइलरची मदत फार मोलाची ठरते. जीसीसी आणि क्लँगमध्ये आपल्या फंक्शनला ‘याचे आर्ग्युमेंट प्रिंटएफसारखे तपास’ अशी खूण लावता येते आणि मग प्रत्येक कॉलमधील चिन्हे व प्रकार जुळतात का हे कंपाइल करतानाच समजते. मिंगजीडब्ल्यूवर, म्हणजे विंडोजसाठीच्या जीसीसीवर, मात्र नुसती ‘प्रिंटएफ’ अशी खूण लावली तर तपासणी मायक्रोसॉफ्टच्या जुन्या नियमांनी होऊ शकते आणि बरोबर असलेल्या %एलएलडी वरही वॉर्निंग येते. तिथे ‘ग्नू_प्रिंटएफ’ अशी खूण लावावी लागते. वॉर्निंगला एरर मानून बिल्ड करण्याचा आग्रह मी धरला. सर्वच जुन्या विसंगती या एका पावलाने पृष्ठभागावर आल्या, आणि त्यांत प्रणालींच्या फरकाशी काहीही संबंध नसलेल्याही पुष्कळ होत्या.

अपूर्णांकांनी सर्वांत जास्त वेळ घेतला. आमचे टेस्ट तयार झालेल्या फाइलची अपेक्षित फाइलशी बाइट-बाइट तुलना करीत असत, त्यामुळे एकही फरक लपून राहत नव्हता. सी९९ सांगते की %ई ने छापलेल्या घातांकात किमान दोन अंक असावेत आणि गरज असेल तरच जास्त. विंडोजचा जुना रनटाइम नेहमी तीन अंक छापत असे. अनंत आणि ‘संख्या नव्हे’ या किंमती मानकानुसार इन्फ आणि नॅन अशा छापल्या जातात. जुन्या रनटाइममध्ये एक, दशांशचिन्ह, हॅश आणि पुढे अक्षरे असा प्रकार येई. २०१५ पासून हे दोन्ही मानकाप्रमाणे झाले. पण पूर्णांकनाचा प्रश्न त्यानंतरही उरला. ०.१२५ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी बसते, म्हणून दोन दशांश स्थळांपर्यंत छापताना ती ०.१२ आणि ०.१३ यांच्या बरोबर मध्ये पडते. ग्नू लायब्ररी सम अंकाकडे झुकून ०.१२ छापते. विंडोजवर विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपर्यंत अशा वेळी ०.१३ छापले जात असे, आणि त्या आवृत्तीपासून तिथेही सम अंकाचा नियम आला. म्हणजे तीच एक्झिक्युटेबल फाइल दोन विंडोज यंत्रांवर निरनिराळे उत्तर देऊ शकते. बिलाच्या रकमेपर्यंत जाणाऱ्या आकड्याबाबत हे सोडून देता येत नाही.

त्यात लोकेलची, म्हणजे भाषा आणि देशानुसार बदलणाऱ्या लेखनपद्धतीची, भर पडली. सी चा प्रोग्राम सुरू होताना ‘सी’ लोकेलमध्ये असतो आणि दशांशचिन्ह टिंब असते. पण आमची लायब्ररी ज्या प्रोग्राममध्ये बसते त्याने सेटलोकेल बोलावले आणि यंत्र जर्मन भाषेचे असले, तर ३.१४ ऐवजी टिंबाच्या जागी स्वल्पविराम छापला जातो. स्वल्पविरामाने स्तंभ वेगळे केलेल्या फाइलमध्ये याचा अर्थ एक स्तंभ वाढला असा होतो. लायब्ररीने स्वतः सेटलोकेल बोलावून ते बदलणे योग्य नाही, कारण ते सगळ्या प्रोसेसला लागू होते आणि दुसऱ्या थ्रेडमध्ये त्याच क्षणी कोणी तारीख छापत असू शकतो. पॉझिक्स २००८ या युनिक्स कुळातील प्रणालींच्या मानकातले यूजलोकेल फक्त चालू थ्रेडपुरते लोकेल बदलते; बीएसडी आणि मॅकओएसवर लोकेल आर्ग्युमेंट म्हणून घेणारे एसएनप्रिंटएफ_एल आहे; विंडोजवर त्याच अर्थाची, नावाशेवटी एल असलेली फंक्शने आहेत. आमच्या जुन्या सोलॅरिसवर यांपैकी काहीच नव्हते.

इथे मला एक गोष्ट पटली आणि बाकीच्या कामाची दिशा तिनेच ठरवली. माणसाने वाचायचा मजकूर आणि दुसऱ्या प्रोग्रामने वाचायचा मजकूर ही दोन वेगळी कामे आहेत, आणि सी ने ती एकाच फंक्शनकडे सोपवली आहेत. माणसासाठी लोकेलप्रमाणे चिन्ह बदलणे हवेच. भारतीय लोकेलमध्ये ग्नू लायब्ररी हजारांचे गट तीन आणि मग दोन-दोन अंकांचे पाडते आणि बारा लाख चौतीस हजार हा आकडा १२,३४,००० असा दाखवते, ही चांगली सोय आहे, जरी त्यासाठी लागणारे एकेरी अवतरणचिन्ह सी मानकात नसून पॉझिक्समध्ये आहे. प्रोग्रामसाठी मात्र यातले काहीच नको. तिथे तेच बाइट सर्वत्र यायला हवेत. म्हणून फाइलमध्ये जाणाऱ्या आकड्यांसाठी आम्ही लोकेल न पाहणारी वेगळी फंक्शने लिहिली. रकमा आणि रीडिंग त्यात पूर्णांक म्हणून, सर्वांत लहान एककात ठेवली जातात आणि दशांशचिन्ह आम्ही स्वतः घालतो. जिथे डबल प्रकार टाळता येत नाही तिथे १७ सार्थ अंक छापतो, कारण तेवढ्या अंकांवरून मूळ किंमत नेमकी परत मिळते, आणि छापलेल्या मजकुरातील दशांशचिन्ह टिंब नसेल तर ते बदलून घेतो.

मराठी मजकुरामुळे आणखी एक पैलू समोर आला. %एस ला दिलेली रुंदी आणि मर्यादा बाइटमध्ये मोजली जाते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट, आणि डोळ्यांना दिसणारी अक्षरे दोन. दहा रुंदीच्या स्तंभात हा शब्द छापला तर एकही जागा सोडली जात नाही आणि अहवालातले स्तंभ वाकडे होतात. मर्यादा दहा बाइटांची असेल तर शेवटच्या मात्रेचा पहिलाच बाइट लिहिला जातो आणि फाइल यूटीएफ-८ म्हणून वैध राहत नाही. ती वाचणारा प्रोग्राम मग ती ओळ किंवा सगळी फाइलच नाकारू शकतो. एसएनप्रिंटएफने बफर संपल्यामुळे मजकूर कापला तरी हेच होते. म्हणून आमच्या फंक्शनच्या हमीत एक कलम वाढवले: मजकूर कापावाच लागला तर तो चिन्हाच्या सीमेवरच कापला जाईल. शेवटून मागे येत, ज्यांचे वरचे दोन बिट ‘एक शून्य’ आहेत ते बाइट ओलांडून चिन्हाचा पहिला बाइट गाठायचा आणि ते चिन्ह अपुरे असेल तर तिथूनच पुढचे सोडून द्यायचे. यानेही ‘पुणे’चे ‘पुण’ होऊ शकते. तेवढ्यासाठी ग्राहकाला दिसणाऱ्या अहवालांत मजकूर कापायचाच नाही, लागेल तेवढी मेमरी घ्यायची, असा नियम केला.

विंडोजवर रुंद अक्षरांची (प्रत्येक अक्षराला एकाहून जास्त बाइट देणारी) फंक्शने वापरा असाही एक सल्ला मिळाला होता. तो आम्ही घेतला नाही. मायक्रोसॉफ्टच्या रुंद फंक्शनांत %एस म्हणजे रुंद स्ट्रिंग, मानकात त्याच ठिकाणी %एस म्हणजे साधी स्ट्रिंग. शिवाय मानकातील एसडब्ल्यूप्रिंटएफ मजकूर मावला नाही तर लांबी न सांगता उणे किंमत परत करते. आम्ही सर्वत्र यूटीएफ-८ ठेवले आणि विंडोजच्या फंक्शनांना देतानाच यूटीएफ-१६ मध्ये रूपांतर केले.

संदेशांच्या अनुवादातही मराठीचा प्रश्न येतो. मूळ इंग्रजी संदेशात आधी मीटरचा क्रमांक आणि मग केंद्राचे नाव येते. मराठीत ‘सोलापूर केंद्राने ४२ क्रमांकाचा मीटर नाकारला’ असा क्रम उलटा होतो. पॉझिक्समध्ये चिन्हात क्रमांक घालून आर्ग्युमेंटांचा क्रम बदलता येतो, पण सी मानकात ही सोय नाही आणि मायक्रोसॉफ्टने त्यासाठी नावाशेवटी पी असलेली वेगळी फंक्शने दिली आहेत. अनुवादकाने क्रमांकाशिवाय चिन्हांची अदलाबदल केली, तर %एस ला ४२ हा पत्ता मिळतो आणि प्रोग्राम कोसळतो. अनुवादित संदेशांसाठी आम्ही आधी प्रत्येक मूल्याची स्वतंत्र स्ट्रिंग तयार करून मग ती क्रमांकाने जागेवर बसवतो. त्यात प्रकार चुकण्याची शक्यताच उरत नाही.

काही बाबी थोडक्यात आटोपल्या. %एस ला नल दिला तर ग्नू लायब्ररी कंसात ‘नल’ छापते, जुने सोलॅरिस कोसळत असे, आणि जीसीसी %एस व ओळ संपवणारे चिन्ह एवढाच फॉरमॅट असलेल्या प्रिंटएफचे पुट्समध्ये रूपांतर करीत असल्याने लिनक्सवरही कोसळण्याची शक्यता असते. म्हणून नलची तपासणी कॉल करण्याआधीच होते. पत्ता छापणाऱ्या %पी चे रूप सगळीकडे वेगळे असल्याने पत्ते फक्त डीबग नोंदींत राहिले. आतापर्यंत किती अक्षरे लिहिली ते मेमरीत नोंदवणारे %एन आम्ही पूर्णपणे काढून टाकले: मायक्रोसॉफ्टच्या रनटाइममध्ये ते मुळातच बंद असते आणि त्याचा गैरवापर करून झालेल्या हल्ल्यांचा इतिहास पाहता ते बंद असणेच योग्य आहे.

इतके सगळे करताना स्वतःचा संपूर्ण फॉरमॅटरच का लिहू नये, हा प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता. तो अव्यवहार्य मुळीच नाही. पोस्टग्रेएसक्यूएल १२ व्या आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर स्वतःचेच एसएनप्रिंटएफ वापरते. एसक्यूलाइटकडे सुरुवातीच्या काळापासून स्वतःचे आहे. त्यात बफरच्या आधी आकार द्यावा लागतो आणि आकड्याऐवजी बफरचा पत्ता परत येतो, ही तिथून कोड आणताना लक्षात ठेवण्याची गोष्ट. सीपायथन मात्र प्रणालीच्याच फंक्शनावर पातळ आवरण घालते आणि शून्य बाइटची हमी देते. डबलचे अचूक दशांश रूपांतर लिहिणे हे स्वतंत्र कौशल्याचे काम आहे आणि आमच्या गटाला ते वर्षानुवर्षे सांभाळता आले नसते, असे मी ठामपणे सांगितले. आमचा निर्णय मधला झाला: पूर्णांक, स्ट्रिंग आणि कापणे आमचे, अपूर्णांकांचे अंक प्रणालीचे.

आता विंडोजचे जुने रनटाइम आणि ते सोलॅरिस यंत्र आमच्या यादीतून गेले आहेत. त्यांच्यासोबत %आय६४डी ची अदलाबदल, _व्हीएससीप्रिंटएफचा मार्ग आणि कॉन्फिगरमधील तपासणी काढून टाकली. फाइलसाठीची लोकेलमुक्त फंक्शने, जोडणारे स्ट्रक्चर आणि चिन्हाच्या सीमेवर कापणारा भाग तसाच आहे, कारण ही कामे एसएनप्रिंटएफने कोणत्याच प्रणालीवर अंगावर घेतलेली नाहीत. तीन केंद्रांच्या नावांचा टेस्टही ठेवला आहे. प्रत्येक बदलानंतर तो लिनक्स, विंडोज, मॅकओएस आणि फ्रीबीएसडी या चारही ठिकाणी चालतो, आणि त्यात देवनागरीतील पुणे हे चौथे नाव नंतर घातले.